रस्ता, मोटार आणि दवाखाना : डॉ. आयडा स्कडर यांच्या ग्रामीण वैद्यकीय कार्याचे पुनर्वाचन

प्रस्तावना

वसाहतकालीन भारतातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन विपुल प्रमाणात आढळते. पहिले चरित्रात्मक व गौरवपर. त्यात मिशनरी हा त्यागमूर्ती असतो आणि ज्यांच्यासाठी तो त्याग करतो ते लोक बहुधा निनावी असतात. दुसरे लेखन चिकित्सक म्हणविणारे. त्यात शाळा, दवाखाना, अनाथाश्रम या सर्व संस्था धर्मांतराच्या योजनेची अंगे म्हणून मांडल्या जातात आणि तेवढ्यावर विषय संपतो. या दोन्ही लेखनपद्धतींची एक मर्यादा समान आहे. दोन्हींचे लक्ष मिशनऱ्याच्या हेतूवर खिळलेले असते. त्याने प्रत्यक्षात कोणते काम केले, ते कोणत्या जागी केले, त्या जागेने कामाचे स्वरूप कसे बदलले आणि ज्यांच्यासाठी ते केले त्यांनी त्याचा उपयोग कसा करून घेतला, हे प्रश्न मागे पडतात.

प्रस्तुत लेखात डॉ. आयडा सोफिया स्कडर (१८७०-१९६०) यांच्या कार्यातील एका विशिष्ट भागाचा विचार केला आहे. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या संस्थापिका म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. महाराष्ट्रातूनही असंख्य रुग्ण आजवर वेल्लोरला गेले आहेत, त्यामुळे या गावाचे नाव आपल्याला नवे नाही. तथापि १९०६ पासून त्यांनी वेल्लोरच्या आसपासच्या खेड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जे फिरते दवाखाने चालविले, त्यांचा उल्लेख संस्थेच्या इतिहासात बहुधा एका परिच्छेदात आटोपतो. या दवाखान्यांमुळे आयडा स्कडर यांच्या कार्याची मूळ कल्पनाच बदलली आणि तो बदल समजून घेतल्याखेरीज पुढे स्थापन झालेल्या महाविद्यालयाचाही अर्थ नीट लागत नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

कौटुंबिक व प्रादेशिक पार्श्वभूमी

आयडा यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे न्यूयॉर्कमधील डॉक्टर. १८१९ मध्ये ते मिशनरी म्हणून सिलोनला गेले व नंतर मद्रासला आले. परदेशी गेलेले पहिले अमेरिकन वैद्यकीय मिशनरी म्हणून त्यांची गणना होते. त्यांच्या मुलांनी उत्तर अर्काट भागात १८५३ मध्ये अर्काट मिशनची स्थापना केली. या घराण्याच्या चार पिढ्यांतील चाळीसहून अधिक व्यक्ती मिशनरी झाल्या. घराण्याची परंपरा इतकी भक्कम असता आयडा यांना मात्र ती नको होती, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे झाला. १८७६-७८ च्या महादुष्काळाच्या वेळी त्या लहान होत्या. याच दुष्काळाने दख्खनलाही होरपळून काढले होते. पुढे कुटुंब अमेरिकेस परतले, काही वर्षांनी आईवडील पुन्हा भारतात आले आणि मुलगी नातलगांकडे राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थफील्ड येथे, ड्वाइट मूडी या धर्मोपदेशकाने स्थापन केलेल्या मुलींच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. आई आजारी असल्यामुळे १८९० मध्ये त्या तिंडिवनम येथे आल्या, त्या थोड्या दिवसांसाठी. शुश्रूषा आटोपून अमेरिकेत परत जावे आणि तेथील सुखवस्तू आयुष्य पत्करावे असा त्यांचा विचार होता.

उत्तर अर्काट हा मद्रास इलाख्यातील कोरडा जिल्हा. पालार ही त्यातील प्रमुख नदी, तीही वर्षाचा बराच काळ वाळूचे पात्र घेऊन पडलेली. शेती तळ्यांच्या व विहिरींच्या पाण्यावर. मद्रास-बंगलोर मार्ग व लोहमार्ग या दोहोंमुळे वेल्लोरचा बाहेरच्या जगाशी संबंध चांगला होता. आतील खेड्यांचा मात्र वेल्लोरशीच संबंध बैलगाडीच्या चाकोरीपुरता होता. १८८४ च्या मद्रास स्थानिक मंडळे कायद्यानुसार जिल्ह्यातील रस्ते व लहान दवाखाने स्थानिक मंडळांकडे सोपविण्यात आले होते. रस्त्याच्या दुतर्फा चिंच, वड अशी झाडे लावणे व राखणे हेही त्यांचेच काम. या झाडांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

तीन हाकांची कथा

तिंडिवनम येथे एका रात्री तीन पुरुष एकामागून एक स्कडरांच्या बंगल्यावर आले. त्यांपैकी एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि तिसरा अन्य उच्चजातीय हिंदू. तिघांच्याही तरुण पत्नी प्रसूतीत अडल्या होत्या. आयडा यांचे वडील डॉक्टर होते व ते येण्यास तयार होते. परंतु परपुरुषाने पत्नीला हात लावणे तिघांनाही मान्य नव्हते. त्यांना हवी होती ती मुलगी, आणि मुलीला वैद्यकाचा गंधही नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. या रात्रीने आयडा यांनी वैद्यकीय शिक्षण घेण्याचा निश्चय केला.

ही कथा आयडा यांनी स्वतः पुढील आयुष्यात, विशेषतः निधी गोळा करताना, वारंवार सांगितली आणि प्रत्येक चरित्रात ती मध्यवर्ती आहे. डोरोथी क्लार्क विल्सन यांच्या १९५९ च्या चरित्रामुळे ती इंग्रजी वाचकांत सर्वत्र पोहोचली. इतिहासाच्या अभ्यासकाला या कथेतील समरूपता खटकल्याशिवाय राहत नाही. एकाच रात्री तीन घरे, ती तीन समाजांची, नकार तोच व शेवटही तोच, अशी रचना दृष्टान्तकथेची असते. म्हणून ती खोटी ठरते असे नाही. प्रसूतीत अडलेल्या स्त्रीचा मृत्यू ही त्या काळी नित्याची बाब होती आणि परपुरुष डॉक्टरला नकार ही तर महाराष्ट्रातील घराघरांतील वस्तुस्थिती होती. परंतु ज्या अमेरिकन श्रोत्यांपुढे ही कथा सांगितली जाई, त्यांना भारतीय स्त्रीची एकच प्रतिमा परिचित होती. ती म्हणजे पडद्याआड कोंडलेली, पतीच्या अज्ञानाने मरणारी स्त्री. अँटोइनेट बर्टन यांनी ब्रिटिश स्त्रीवाद्यांच्या संदर्भात दाखवून दिले आहे की, पाश्चात्त्य स्त्रियांना सार्वजनिक जीवनात स्वतःची जागा मिळविण्यासाठी ही असहाय भारतीय स्त्री फार उपयोगी पडली. स्त्री-डॉक्टरांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरीन फंडाचा युक्तिवादही पडद्यावरच उभा होता.

तात्पर्य, आयडा स्कडर यांच्या कार्याचा आरंभ पडदानशीन, उच्चजातीय स्त्रीच्या कल्पनेतून झाला. त्यांना रस्त्यावर भेटलेली स्त्री मात्र वेगळी होती.

फिलाडेल्फियाचा दुवा

१८९५ मध्ये आयडा यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. मराठी वाचकांना या महाविद्यालयाची ओळख करून देण्याची गरज नाही. याच संस्थेतून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने हा प्रसंग मराठी मनात कायमचा रुजविला. परंतु नऊ वर्षांनी त्याच वास्तूत भारतासाठीच वैद्यक शिकण्यास आलेली दुसरी तरुणी आपल्या स्मरणात नाही. पुढे कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना खुले झाल्यावर आयडा १८९८ मध्ये तेथे गेल्या व १८९९ मध्ये तेथून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या स्त्रियांच्या तुकडीत त्यांचा समावेश झाला.

या दोघींची तुलना भावनिक न करता करणे आवश्यक आहे. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर नियुक्ती झाली होती. पण क्षयाने ग्रासलेल्या त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. आयडा यांना मात्र साठ वर्षांचे कार्यायुष्य लाभले. या फरकाचे कारण केवळ प्रकृतीत नाही. आयडा यांच्या पाठीशी मिशनची संघटना, अमेरिकेतील चर्चमधील स्त्रियांची मंडळे आणि दात्यांचे जाळे होते. भारतात येण्यापूर्वीच न्यूयॉर्कमधील शेल नावाच्या एका सावकारी पेढीच्या मालकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ त्यांना दहा हजार डॉलर दिले. आनंदीबाईंच्या पाठीशी असे काहीच नव्हते. रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून पदवी घेऊन परतल्या व त्यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली, तीही संस्थानी व सरकारी चौकटीत राहून. भारतीय स्त्री-डॉक्टर आणि मिशनरी स्त्री-डॉक्टर यांच्या कर्तृत्वाची तुलना करताना साधनांचा हा फरक ध्यानात न घेणे अन्यायाचे होईल.

१ जानेवारी १९०० रोजी आयडा भारतात परतल्या. सोबत नॉर्थफील्डची मैत्रीण ॲनी हॅनकॉक होती. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा ही अपेक्षा होती, पण ते त्याच वर्षी वारले. वेल्लोरच्या बंगल्यातील एका खोलीत, एका खाटेवर दवाखाना सुरू झाला. सुरुवातीच्या काळात सलोमी ही स्थानिक स्त्री त्यांची मदतनीस होती. तिने जखमा धुणे, औषधे तयार करणे, रुग्णांची भाषा व भीती दोन्ही समजावून सांगणे ही कामे शिकून घेतली. चरित्रांत तिचे नाव येते व जाते. दोन वर्षांत सुमारे ५,००० रुग्णांवर उपचार झाल्याचे सांगितले जाते. हे काम एकट्या डॉक्टरीणबाईंच्या हातून होण्यासारखे नव्हते, हे वैद्यकाची माहिती नसलेल्यालाही उमजेल. १९०२ मध्ये चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उभे राहिले.

रुग्णालयाकडून रस्त्याकडे

रुग्णालय झाले, तरी गावोगावचे रुग्ण येत नव्हते, किंवा येत ते फार उशिरा. प्रथम घरगुती उपाय, मग गावची सुईण वा वैदू, मग देवऋषी आणि सर्व थकल्यावर वेल्लोर, असा क्रम असे. तोवर गळवाचे विषारी व्रण झालेले, डोळे आलेल्या मुलाची दृष्टी गेलेली आणि अडलेली बाळंतीण शेवटच्या घटका मोजत असलेली. चरित्रकार याचे कारण अज्ञान व अंधश्रद्धा असे देतात. ते पूर्णतः चूक नाही, परंतु अपुरे आहे. तीस-पस्तीस किलोमीटरवरील खेड्यातील शेतमजूर बाईला वेल्लोरला नेणे म्हणजे बैलगाडीचे भाडे, सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडणे, घरी राहिलेल्या मुलांची आबाळ आणि परक्या गावी राहण्याखाण्याचा प्रश्न. दोन दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे दोन दिवस चूल न पेटणे, असे ज्या घरचे अर्थकारण असते तेथे आजार अंगावर काढणे हा अडाणीपणा नसून हिशेब असतो.

१९०६ पासून आयडा स्कडर यांनी गुडियात्तम गावाकडे जाणाऱ्या मार्गावर नियमित फेरी सुरू केली. आरंभी वाहन म्हणजे गाडी, बैलाची किंवा घोड्याची. या गतीने एका दिवसात जाऊन येणे आणि मध्ये रुग्ण तपासणे जवळपास अशक्य. १९०९ मध्ये त्यांना अमेरिकेतून मिळालेल्या देणगीतून फ्रेंच बनावटीची प्यूजो मोटार मिळाली, आणि फेरीचे सारे गणित बदलले. त्या परिसरातील लोकांनी मोटार पाहिलेली नव्हती. ती पाहून लोक रस्ता सोडून शेतात पळाले, भूत आले अशी ओरड झाली, असे वर्णन चरित्रांत रंगवून सांगितलेले आहे. अशा वर्णनांत भ्यालेला ग्रामस्थ हा नेहमीचा विनोदी पात्र असतो. वस्तुतः धूर व आवाज करीत, बैलांना उधळवीत येणाऱ्या यंत्रापासून बाजूला होणे यात हसण्यासारखे काही नाही. मोटारीची भीती फार टिकलीही नाही. काही फेऱ्यांनंतर तिच्या आवाजावरून लोक रस्त्याकडे येऊ लागले.

फेरीची पद्धत साधी होती. ठरलेला दिवस, ठरलेला मार्ग आणि थांबण्याच्या ठरलेल्या जागा. स्थानिक मंडळांनी लावलेल्या त्या मोठ्या झाडांच्या सावलीत गाडी थांबे. औषधांच्या पेट्या उतरविल्या जात, मोटारीच्या पायरीवर किंवा एखाद्या पेटीवर साहित्य मांडले जाई. रुग्ण आधीपासूनच ओळीने बसलेले असत. जखमा धुऊन बांधणे, गळू फोडणे, दात उपटणे, डोळ्यांत औषध घालणे, हिवतापाला क्विनीन, लहान मुलांचे जुलाब, खरूज, नायटे असे बहुतांश काम असे. गंभीर रुग्णाला त्याच गाडीतून वेल्लोरला नेले जाई. महारोगीही येत, त्यांच्यासाठी त्या काळी मलमपट्टीपलीकडे फारसे काही करता येत नव्हते, तरी त्यांना परत पाठविले जात नसे. पुढे १९४६ मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी महारोग्यांच्या हातांवरील शस्त्रक्रियेचे जे काम उभे केले, त्यामागे महारोग्याला दाराशी येऊ देणाऱ्या या रुग्णालयाची परंपरा होती.

यात वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची बाब नियमितपणाची होती, असे वाटते. एकदा येऊन औषध देऊन जाणारा डॉक्टर आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाखाली पुन्हा येणारा डॉक्टर यांत मोठा फरक आहे. जखम दुसऱ्यांदा पाहता येते, औषध लागू पडले नाही तर बदलता येते, आणि ज्याला बरे वाटले तो शेजाऱ्याला घेऊन येतो. सरकारी आरोग्ययंत्रणेचा त्या काळचा भर साथीच्या वेळी धाडसत्र काढण्यावर होता. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात काय घडले ते आपण जाणतोच. वेल्लोरलाही प्लेगची साथ आली आणि हाफकिन यांची मुंबईत तयार झालेली लस टोचून घ्यावी यासाठी आयडा स्कडर यांना लोकांचे मन वळवावे लागले. बळाने घरात शिरणारे वैद्यक आणि झाडाखाली वाट पाहणारे वैद्यक यांविषयी लोकांची प्रतिक्रिया सारखी असणे शक्यच नव्हते.

रस्ता ही सामाजिक जागा

येथे एक मुद्दा थोड्या विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. तमिळ प्रदेशात कडक पडदा हा प्रामुख्याने संपन्न मुसलमान आणि काही उच्चजातीय घरांपुरता मर्यादित होता. बहुसंख्य ग्रामीण स्त्रिया शेतात, तळ्यावर, बाजारात उघड्यावर राबत होत्या. रस्त्याच्या कडेला येऊन बसणारी स्त्री ही अशीच होती. तिला अडविणारी गोष्ट पडदा नव्हती. अंतर, मजुरी आणि जात या तिच्या अडचणी होत्या. म्हणजे ज्या युक्तिवादावर स्त्री-वैद्यकाचा आणि निधी-संकलनाचा डोलारा उभा होता, तो या स्त्रीला लागू पडत नव्हता. तरीही ती आली. तिच्यासोबत पुरुषही आले, मुलेही आली; झाडाखाली स्त्री-रुग्णालयाचा नियम चालविता येत नव्हता. रस्त्याने कार्याची व्याप्ती बदलली ती अशी.

जातीचा प्रश्न याहून नाजूक आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची वस्ती गावाबाहेर असे आणि गावातील रस्ते, विहिरी, देवळाभोवतालची वाट त्यांना वर्ज्य असे. दक्षिणेत हा प्रश्न किती ज्वलंत होता हे १९२४-२५ च्या वैकोम सत्याग्रहावरून दिसते. तो सत्याग्रह मंदिरप्रवेशाचा नव्हता, मंदिराजवळच्या रस्त्यांवरून चालण्याचा होता. दोन वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्याच्याही मुळाशी 'सार्वजनिक' या शब्दाचाच अर्थ होता. या पार्श्वभूमीवर गावाबाहेरचा, स्थानिक मंडळाच्या मालकीचा मोठा रस्ता आणि त्यावरील झाड ही तुलनेने कोणाच्याच ताब्यात नसलेली जागा होती. डॉक्टर गावात, एखाद्या प्रतिष्ठिताच्या ओसरीवर बसता तर कोण येऊ शकले असते आणि कोण नाही, याची कल्पना करणे अवघड नाही. रस्त्यावरील ओळीत जातिभेद नाहीसा झाला, असा दावा मी करणार नाही. लोक एकमेकांपासून अंतर राखून बसत असतील, पाण्याच्या भांड्यावरून कुरबुरी होत असतील. परंतु सवर्ण आणि दलित या दोघांनाही एकाच डॉक्टरकडे, एकाच सकाळी, एकाच झाडाखाली यावे लागे, ही गोष्ट त्या समाजात लहान नव्हती. ही जागा आयडा स्कडर यांनी सामाजिक समतेच्या विचाराने निवडली असे मानण्याचे कारण नाही. मोटार जेथवर जाई तेथे ती थांबे, इतकाच तिचा व्यावहारिक उगम असावा. परिणाम मात्र त्या व्यवहारापलीकडे गेला.

सेवा आणि धर्मप्रसार

औषधाबरोबर उपदेशही होता, हे लपविण्याचे कारण नाही. अर्काट मिशनच्या दृष्टीने वैद्यकीय कार्य हे सुवार्ता-प्रसाराचेच अंग होते आणि आयडा स्कडर याही श्रद्धावान मिशनरी होत्या. रस्त्यावरील थांब्यांवर रुग्ण वाट पाहत असता त्यांना ख्रिस्तकथा सांगितल्या जात. महात्मा गांधींनी १९३० च्या दशकात 'हरिजन'मधून मिशनरी वैद्यकीय सेवेवर जो आक्षेप घेतला तो नेमका याच जोडणीवर होता. आजारी माणसाची गरज हे धर्मांतराचे साधन होऊ नये, हे त्यांचे म्हणणे नैतिकदृष्ट्या भक्कम आहे आणि त्याला मिशनच्या बाजूने समाधानकारक उत्तर दिले गेले असे मला वाटत नाही.

परंतु रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. डेव्हिड हार्डिमन यांनी गुजरातमधील भिल्लांमधल्या मिशनरी वैद्यकाच्या अभ्यासात दाखविले आहे की, लोक औषध घेत आणि उपदेश ऐकून घेत, पण दोहोंचा स्वीकार एकत्र करीतच असे नाही. रस्त्यावरील दवाखान्यात तर हे अधिकच खरे असणार. रुग्णालयात दाखल झालेला रुग्ण काही दिवस त्या वातावरणात राहतो. झाडाखाली आलेला रुग्ण बाटली घेऊन घरी जातो. ज्या जागेवरून उठून जाता येते, त्या जागेवरील उपदेशाचा दाब मर्यादित असतो. मिशनच्या हेतूला रस्त्याने अशी वाट दिली आणि मर्यादाही घातली.

रस्त्यावरून वर्गाकडे

फेऱ्या वाढत गेल्या तशी एक गोष्ट उघड झाली. रस्ते अनेक होते, गावे शेकड्यांनी होती आणि डॉक्टर एक होती. अमेरिकेतून आणखी स्त्री-डॉक्टर आणून ही तूट भरून निघणे शक्य नव्हते. भाषा शिकण्यात त्यांची वर्षे जात आणि आजारपणामुळे कित्येकजणी परत जात. १९०९ मध्ये परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले होतेच. स्थानिक मुलींनाच डॉक्टर करावे ही कल्पना त्यापुढची पायरी होती. पंजाबात लुधियाना येथे एडिथ ब्राऊन यांनी १८९४ पासून हे काम चालविले होते. दक्षिणेत अशी संस्था नव्हती. तीन मुली मिळाल्या तरी नशीब समजा, अशी शंका अनेकांनी बोलून दाखविली. प्रत्यक्षात १५१ अर्ज आले. ऑगस्ट १९१८ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या हस्ते स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेचे उद्घाटन झाले. १९२२ मध्ये पहिल्या तुकडीतील चौदाजणी अंतिम परीक्षेस बसल्या आणि सर्व उत्तीर्ण झाल्या.

हा आकडा गौरवाने सांगितला जातो व ते योग्यच आहे. मात्र त्या १५१ अर्जांकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. मद्रास इलाख्यात दीडशे कुटुंबे आपल्या मुलींना शवविच्छेदनाच्या वर्गात बसविण्यास तयार होती, याचा अर्थ समाजात शिक्षणाची मागणी अगोदरच तयार झालेली होती. पद्मा अनगोळ यांनी महाराष्ट्राच्या संदर्भात भारतीय स्त्रियांच्या स्वतंत्र कर्तेपणावर जो भर दिला आहे, तो येथेही लागू पडतो. संस्था आयडा स्कडर यांनी काढली. ती भरली ती या मुलींनी.

विद्यार्थिनींना पाळीपाळीने रस्त्यावरील फेरीस जावे लागे. पाठ्यपुस्तकातील रोग आणि झाडाखाली बसलेला रोगी यांतील अंतर त्यांना तेथे कळे. शहरी रुग्णालयातच शिकलेल्या डॉक्टरला खेड्यात गेल्यावर जी असहायता जाणवते, ती या मुलींना शिकतानाच भोगून झालेली असे. आजही आपल्याकडे वैद्यकीय पदवीधरांच्या ग्रामीण सेवेच्या सक्तीवरून दरवर्षी वाद होतो. त्या वादात, अभ्यासक्रमातच रस्ता असण्याचा हा जुना प्रयोग क्वचितच कोणाला आठवतो.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास सरकारने पदविका अभ्यासक्रम बंद करून विद्यापीठाची पदवी सक्तीची केली आणि संस्था बंद पडण्याची वेळ आली. सत्तरीला पोहोचलेल्या आयडा स्कडर पुन्हा अमेरिकेत निधीसाठी फिरल्या. १९४२ मध्ये विद्यापीठीय पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. यास अमेरिकेतील स्त्री-समर्थकांचा, त्यांत अनेक वर्षे निधी उभारणाऱ्या ल्यूसी पीबॉडी यांचा, विरोध होता. स्त्रियांनी स्त्रियांसाठी गोळा केलेला पैसा पुरुषांच्या शिक्षणाकडे वळतो आहे, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती. आयडा यांनी संस्था टिकविण्याचा पर्याय निवडला. या निर्णयाची किंमत कोणी मोजली याचा स्वतंत्र अभ्यास होण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थेची सूत्रे डॉ. हिल्डा लाझारस या भारतीय स्त्री-डॉक्टरकडे आली. आयडा स्कडर यांचे मे १९६० मध्ये कोडाईकनाल येथे वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९७७ मध्ये, महाविद्यालयाने ग्रामीण आरोग्य व सामाजिक प्रश्नांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्यासाठी निवडलेले के. व्ही. कुप्पम हे ठिकाण वेल्लोरहून काटपाडीमार्गे गुडियात्तमला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे.